सव्विसाव्या अक्षांशावरचा समुद्र

ग्वाल्हेरवर बोट ठेवायचं आणि नकाशावर सरळ पूर्वेला सरकायचं. लखनौ जरा वर राहतं. दरभंगा लागतं, गुवाहाटी लागतं, मग ब्रह्मदेशाचा उत्तर भाग, चीनचे डोंगर आणि किनाऱ्याजवळचं फूचौ. तिथे जमीन संपते. तैवान बोटाच्या खाली राहतं आणि पुढे नुसता निळा रंग. त्या निळ्यात, त्याच रेषेवर, जपानच्या ओकिनावा प्रांतातली केरामा बेटं आहेत. ग्वाल्हेर २६.२ अंश उत्तर, केरामाही २६.२ अंश उत्तर. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या गच्चीवर २१ जूनच्या दुपारी सूर्य जितका डोक्यावर येतो, तितकाच तो तिथल्या वाळूवर येतो. सव्वातीन तास आधी, एवढाच फरक.

माझी भाची ओकिनावात प्रवाळांवर संशोधन करते. मे महिन्यात फोन झाला की आम्ही आधी एकमेकींकडचं तापमान विचारतो. तिच्याकडे सत्तावीस असतं तेव्हा माझ्याकडे शेहेचाळीस. बाहेर लू सुटलेली असते, कूलरची खस वाळून कोरडी ठाक झालेली असते, आणि ती सांगत असते की आज वारा छान आहे. एकदा म्हणाली, "अगं मावशी, सूर्य तोच आहे. मधे काय येतं ते एकदा येऊन बघ." मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. हवामानावर परिणाम करणारे घटक फळ्यावर लिहिताना अक्षांश पहिल्या ओळीत असायचा आणि समुद्रसान्निध्य तिसऱ्या-चौथ्या. मुलं ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची. ग्वाल्हेरच्या वर्गात बसून याहून जास्त काही करता येण्यासारखं नव्हतंही.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचा समुद्र कुलदैवतापुरता असतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, त्या छावणीचं लष्कर झालं, आणि त्यांच्यामागून आलेल्या असंख्य कुटुंबांतलं एक आमचं. कोकण आता कुळाचारात उरलंय. काही वर्षांनी एकदा गुहागरला व्याडेश्वराला जायचं, अभिषेक करायचा, संध्याकाळी किनाऱ्यावर पाय भिजवायचे आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरायची. पाण्याच्या वर काय आहे ते सगळ्यांनी पाहिलं: लाटा, होड्या, मावळता सूर्य. पाण्याच्या आत काय आहे हे घरात कोणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मी निघते आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "पाणीच बघायचं तर तिघरा धरण काय वाईट आहे?" गुहागर सोडलं तर तिच्या हयातीतलं सगळ्यात मोठं पाणी तेच. शहराला पाणी पाजणारं म्हणून तिला ते प्रियही आहे.

या अक्षांशाचं एक दुःख आहे. २५ ते ३० अंशांच्या पट्ट्यात जगभर वरची कोरडी हवा खाली उतरते आणि ढग जमू देत नाही. सहारा याच पट्ट्यात, अरबस्तान याच पट्ट्यात, आपलं थरही. ग्वाल्हेरला मोसमी पाऊस वाचवतो, तोही जेमतेम. केरामाला वाचवतो तो समुद्र, आणि त्या समुद्रातही विशेषकरून कुरोशिओ नावाचा प्रवाह. फिलिपिन्सच्या पूर्वेकडून तो विषुववृत्ताजवळचं ऊबदार पाणी घेऊन निघतो, तैवानला वळसा घालतो आणि ओकिनावाच्या पश्चिमेने उत्तरेला जातो. त्याच्या जिवावर इथलं पाणी जानेवारीतही २१ अंशांच्या आसपास असतं आणि उन्हाळ्यात २८-२९ च्या फार वर जात नाही. ओकिनावाच्या नाहा शहरात वर्षाला ग्वाल्हेरच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. माझ्या गच्चीवर जानेवारीच्या धुक्यात पारा चार-पाचवर उतरतो आणि मेमध्ये शेहेचाळीसला टेकतो. सूर्य तोच, रेषा तीच. मधे फक्त पाणी येतं. हे वाक्य मी वर्गात शंभरदा बोलले असेन; बोटीच्या कठड्याला धरून उभी असताना ते पहिल्यांदा त्वचेला कळलं.

नाहाच्या तोमारी बंदरातून वेगवान बोट तासाभराच्या आत झामामी बेटावर नेते. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. लहानमोठी वीसेक बेटं आहेत, वस्ती चारच बेटांवर: तोकाशिकी, झामामी, आका आणि गेरुमा. आम्ही जूनच्या अखेरीला गेलो. तिकडचा पावसाळा तेव्हा संपलेला असतो आणि वादळांचा मोसम अजून जोरात यायचा असतो. इकडे ग्वाल्हेरमध्ये नेमके तेच दिवस आकाशाकडे डोळे लावून बसण्याचे. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: वादळ आलं की बोटी बंद होतात आणि माणूस बेटावर अडकतो किंवा नाहात. परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस हाताशी असावेत.

मुक्काम एका घरगुती जागेत होता. अशा जागेला तिथे मिनशुकु म्हणतात. मी मांस खात नाही हे भाचीने आधी कळवून ठेवलं होतं. पहिल्या संध्याकाळी समोर आलं ते कारलं. त्यांचा गोया. टोफू आणि अंड्याबरोबर परतलेला, कडूपणा बऱ्यापैकी तसाच ठेवलेला. दुसऱ्या दिवशी घोसाळं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण घालून. जेवणानंतर हळदीचा चहा, आणि उसाच्या काळसर गुळाचे खडे. घरच्या आजी माझ्या ताटाकडे काळजीने बघत होत्या, या बाईला हे आवडेल का म्हणून. यातलं एकही मला नवं नव्हतं. पावसाळ्यात घरामागच्या मांडवावर कारली आणि घोसाळी आम्हीही चढवतो. मी भाचीला सांगितलं, आजींना विचार, कारल्याच्या बिया काढून टाकतात की ठेवतात. त्यानंतर अर्धा तास दोघी बायका एका मुलीच्या तोंडून बोलत होतो, आणि विषय सगळा भाजीचा.

फुरुझामामीचा किनारा गावाबाहेर, टेकडीच्या पलीकडे. वाळू पांढरी, जाडसर, पायाला टोचणारी. आमच्याकडची वाळू सिंध नदीने दगड झिजवून आणलेली असते. इथे नदीच नाही. ही सगळी वाळू एके काळी जिवंत होती: प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, एकपेशीय जीवांची इवली इवली कवचं. यातली काही पोपटमाशांनी केलेली आहे. ते चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडतात, त्यावरचं शैवाल पोटात ठेवतात आणि खडकाचा भुगा मागे टाकतात. पाण्यात असताना त्यांच्या दातांचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि मग शेपटीमागून वाळूची एक धूसर रेघ खाली उतरताना दिसते. किनारा तयार होताना पाहायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तो धडा किती वेळा शिकवला होता, कोटी वर्षं, लाख वर्षं अशा भाषेत, आणि इथे तो माझ्या डोळ्यांसमोर मुठीमुठीने पडत होता.

स्नॉर्केलिंगला फार काही लागत नाही. मास्क, तोंडात धरायची नळी, पायाला फिन्स. पोहता येत असेल तर उत्तम, पण तरंगता येणं जास्त महत्त्वाचं. मी पूर्ण बाह्यांचा पोशाख घातला होता आणि उघड्या त्वचेला सनस्क्रीन लावलं नव्हतं, कारण त्यातली काही रसायनं प्रवाळांना अपायकारक ठरतात. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा सनस्क्रीनवर निर्बंध आणले आहेत. कापडाने काम होत असताना ते पाण्यात धुऊन काढायची गरज काय?

तोंड पाण्यात घातलं आणि तळ एकदम जवळ आला. पाण्यात मास्कमधून बघताना वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठी आणि चौथ्या हिश्श्याने जवळ भासते, त्यामुळे मन आधी बिचकतं आणि हात आपोआप मागे ओढला जातो. किनाऱ्यापासून पाच-दहा हातांवर प्रवाळ सुरू होतं. शिंगांसारख्या फांद्यांचं, पसरट थाळ्यांचं, गोल ढिगाऱ्यांचं. रंग मी चित्रांत पाहिले होते तसे भडक नव्हते. बराचसा भाग मधाळ तपकिरी, कुठे शेवाळी, कुठे फांदीच्या टोकाला जांभळट निळा. केरामाच्या आसपास खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या जवळजवळ अडीचशे जाती नोंदल्या गेल्या आहेत. मला त्या ओळखू येत नव्हत्या, पण एका ठिकाणी दहा-बारा निरनिराळे आकार एकमेकांना खेटून वाढलेले दिसत होते. फांद्यांच्या वर चिमुकले हिरवट निळे मासे, शेकड्यांनी. माझी सावली त्यांच्यावर पडली आणि सगळेच्या सगळे एका क्षणात फांद्यांच्या आत गेले. मी हलले नाही. हळूहळू एक बाहेर आला, मग चार, मग सगळे. मी पुन्हा पुन्हा तेच बघत राहिले. सावली आली की आत, गेली की बाहेर. त्या फांद्या नसत्या तर त्यांनी कुठे जायचं होतं?

आणि आवाज. समुद्राच्या आत शांतता असते असं कोणी सांगितलं तर त्याने कान आत घातलेले नाहीत. सतत, सगळीकडून, तडतड तडतड. एक इवलीशी कोळंबी आपली नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, तो हा आवाज. हजारो नांग्या एका वेळी. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून वेगाने, म्हणून दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच पोचतो आणि कुठून आला ते कळत नाही. मी तानसेनाच्या गावची. लहानपणापासून तानसेन समारोहात रात्र रात्र बसलेली. आवाजाची दिशा हरवणं मला आधी जड गेलं. भाचीने नंतर सांगितलं की उघड्या समुद्रात वाढलेली माशांची पिल्लं याच तडतडीच्या मागाने प्रवाळभित्तीकडे परततात. जिथे प्रवाळ मेलं तिथे हा आवाज मंदावतो, आणि पिल्लांना वाट सापडणं अवघड होतं. हे ऐकल्यावर त्या आवाजाची मला सवय झाली, इतकी की रात्री झोपताना तो नाही हे जाणवायचं.

आमा नावाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर समुद्रगवत आहे आणि भरतीच्या वेळी तिथे हिरवी कासवं चरायला येतात. कंबरभर पाण्यापासून जरा पुढे गेलं की झालं. एक कासव माझ्यापासून चार हातांवर गवत खुडत होतं. डोकं वळवायचं, चावा, चावा, पुन्हा वळवायचं. काही मिनिटांनी ते वर निघालं. घाई नाही, धडपड नाही. नाक पाण्याबाहेर काढलं आणि एक मोठा श्वास घेतला, माणसासारखा ऐकू येणारा, आणि परत खाली. मीही त्याच वेळी नळीतून श्वास घेत होते. हवेवर जगणारे आम्ही दोघे एकाच पाण्यात होतो. कासवाच्या वाटेत आडवं जायचं नाही, वरून झाकायचं नाही, हात लावायचा नाही, हे तिथे लहान मुलांनाही ठाऊक असतं आणि ती पाळतातही.

मग डायव्हिंग. आका बेटाजवळच्या निशिबामाला, शिक्षकाबरोबर, नवख्यांना जितकं खाली नेतात तितकंच, म्हणजे बारा मीटरच्या आत. वय विचारलं, रक्तदाब विचारला, औषधं विचारली, अर्ज भरून घेतला. त्यानंतर सिलिंडर पाठीवर चढवण्याआधी शिक्षकाने एकच नियम तीनदा सांगितला: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेली हवा रोखून माणूस वर आला तर ती फुप्फुसात फुगत जाते आणि इजा करते. मला हे ऐकायला वेगळं वाटलं, कारण लहानपणी लष्करात गाणं शिकताना गुरुजींनी याच्या उलट सवय लावली होती. एका दमात सा लावून धरायचा, तुटू द्यायचा नाही, समेपर्यंत पुरवायचा. ग्वाल्हेरच्या गायकीत दमसासाला केवढा मान! इथे मात्र श्वास साठवायचा नव्हता, नुसता चालू ठेवायचा होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

आणि तरीही गाण्याचा उपयोग झालाच. पाण्यात वजन नेमकं जुळलं की माणूस ना वर जातो ना खाली. तिथून पुढे उंची श्वासावर ठरते. छाती भरून हवा घेतली की अंग हातभर वर उचललं जातं, सावकाश सोडली की खाली उतरतं. मध्ये एक क्षण उशीर असतो, तो ओळखावा लागतो. प्रवाळाचा एक उंचवटा आला, मी नुसता श्वास घेतला आणि त्याच्यावरून गेले. पलीकडे सोडला आणि उतरले. हात हलवले नाहीत, पाय हलवले नाहीत. इतकी वर्षं छातीत जे केलं त्याने शरीर खरोखर उचललं जातंय हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. शिक्षकाने दोन बोटांची गोल खूण करून ठीक आहे ना विचारलं. मी तीच खूण केली, आणि ती खरी होती.

दहा मीटरवर लाल रंग जवळजवळ संपलेला असतो. पाणी सूर्यप्रकाशातला लाल आधी पितं, मग केशरी, मग पिवळा; निळा सगळ्यात खोल जातो. माझ्या मनगटावरचा लाल धागा तिथे मातकट दिसत होता. शिक्षकाने टॉर्च लावला तेव्हा त्याच्याच उजेडात धागा पुन्हा लाल झाला. आणि भोवती तो निळा, ज्याला तिथे केरामा ब्ल्यू म्हणतात. पाणी इतकं स्वच्छ की पंचवीस-तीस मीटरवरचा खडक दिसत होता. स्वच्छ का, तर कुरोशिओच्या पाण्यात पोषक द्रव्यं कमी, म्हणून तरंगणारे सूक्ष्म जीवही कमी. गरीब पाणी आहे ते. इतक्या गरीब पाण्यात इतकं समृद्ध जीवन कसं, याचं उत्तर प्रवाळाच्या पोटात आहे, आणि तेच सगळ्यात नाजूक आहे.

निळ्याशी माझी जुनी ओळख आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, राजा मानसिंह तोमरने बांधलेल्या मान मंदिराच्या भिंतीवर निळ्या चकचकीत फरशा आहेत. बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडं. पाचशे वर्षं झाली. शेहेचाळीस अंशांच्या उन्हात आणि चार अंशांच्या थंडीत तो रंग तसाच उभा आहे, कारण तो भट्टीत काचेसारखा वितळवून पक्का केलेला आहे. जिथे फरशी पडली तिथे रंग गेला. जिथे टिकली तिथे कालच्यासारखा. मी रंग म्हणजे काय ते त्या भिंतीवर शिकले. प्रवाळाचा रंग तसा नाही. प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत, आणि त्या प्राण्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल उन्हातून साखर तयार करतं आणि त्यातली बहुतेक यजमानाला देतं. यजमान त्याला घर देतो आणि आपल्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं खत म्हणून पुरवतो. तो मधाळ तपकिरी रंग त्या भाडेकरूचा. पाणी जास्त तापलं की ही सोबत बिघडते. शैवाल बाहेर टाकलं जातं, प्राण्याचं शरीर पारदर्शक असल्यामुळे आतला चुन्याचा सांगाडा दिसू लागतो, आणि सगळी वसाहत पांढरी पडते. यालाच विरंजन म्हणतात. मेलेली नसते. उपाशी असते. पाणी काही आठवड्यांत निवलं तर शैवाल परत येऊ शकतं. नाही निवलं तर ती उपासमारीनेच मरते.

किती तापावं लागतं? उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर एक अंश, आणि तो एक अंश महिनाभर टिकला पाहिजे. बस. ग्वाल्हेरमध्ये पंचेचाळीस आणि शेहेचाळीसमधला फरक कूलरवाल्यालाही सांगता येणार नाही. आम्ही वर्षभरात चाळीस अंशांचा झोका घेतो आणि पन्हं पिऊन पुढच्या कामाला लागतो. म्हणूनच कदाचित एक-दीड अंश तापमानवाढ हे शब्द आमच्याकडे कोणाला लागत नाहीत. मी ते वर्गात शिकवले, तेव्हाही मुलांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचं शरीर रोज त्याहून मोठे आकडे सोसत असतं. पण माणसांनी हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते, तिच्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग समुद्र पोटात घेतो. हवेत आपल्याला लागते ती उरलीसुरली. १९९८ मध्ये जगभरात एकदम प्रवाळ पांढरं पडलं, ओकिनावातही. मग २०१०, मग २०१४ ते २०१७, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक विरंजन जाहीर केलं. या तारखांमधलं अंतर बघा. शाखांचं प्रवाळ पुन्हा उभं राहायला दहाएक वर्षं लागतात. तेवढी उसंत आता मिळत नाही.

भाची पाण्यात जाताना प्लास्टिकचा एक तक्ता नेते. त्यावर फिकटापासून गडदापर्यंत रंगांच्या चौकटी असतात. फांदीशेजारी तक्ता धरायचा, कुठली चौकट जुळते ते बघायचं, पाटीवर पेन्सिलीने लिहायचं, पुढची फांदी. स्पर्श न करता. मी तिच्याबरोबर तरंगत होते. एका ठिकाणी ती जास्त वेळ थांबली. थाळीसारख्या एका वसाहतीचा कडेचा भाग बाकीच्यापेक्षा फिका होता. मला तो सुंदर वाटला होता, चांदणं पडल्यासारखा. ती लिहीत होती तेव्हा तिच्या कपाळावरची आठी मास्कच्या काचेतून दिसत होती, आणि ती आठी मी तिच्या आजोबांच्या कपाळावर, नाडी बघताना, पाहिलेली आहे.

केरामाच्या लोकांविषयी मला फार आदर वाटला तो एका गोष्टीमुळे. डायव्हर्सची गर्दी वाढली, नांगर पडून, फिन्स लागून प्रवाळ मोडायला लागलं, तेव्हा झामामीच्या मच्छीमार सहकारी संस्थेने आणि डायव्हिंगवाल्यांनी १९९८ पासून तीन वर्षं आपल्याच परिसरातल्या तीन सर्वात चांगल्या जागा बंद ठेवल्या. मी जिथे उतरले तो निशिबामा त्यांतला एक. सरकारने दंडुका उगारला म्हणून नव्हे, आपणहून. ज्या जागांवर पोट चालतं त्याच बंद ठेवायच्या, हा निर्णय सोपा नसतो. पुढे काटेरी तारामाशांचं संकट आलं. हा तारामासा आपलं पोट बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि जिवंत थर जिरवून टाकतो. मागे उरतो पांढरा सांगाडा. त्याचे काटे विषारी. हेच डायव्हर रोज पाण्यात उतरून आकड्यांनी एकेक तारामासा उचलून आणायचे. सगळीकडे पुरे पडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी काही जागा ठरवल्या आणि त्या तरी वाचवायच्या असं केलं. २००५ मध्ये इथलं प्रवाळ रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं आणि ५ मार्च २०१४ ला हे राष्ट्रीय उद्यान झालं. सन्मान नंतर आले. काम आधी झालं होतं.

झामामीच्या टेकडीवर चढताना वाटेत युद्धात गेलेल्यांचं स्मारक लागतं. २६ मार्च १९४५ ला अमेरिकन सैन्य ओकिनावाच्या मुख्य बेटाआधी इथे उतरलं. शत्रूच्या हाती लागू नका असं लोकांच्या मनावर ठसवलेलं होतं, जपानी सैन्याने हातबाँबही वाटलेले होते, आणि झामामी, तोकाशिकी, गेरुमावर कुटुंबंच्या कुटुंबं एकमेकांच्या हातून गेली. शेकडो माणसं. मुलंसुद्धा. आमच्या किल्ल्यावर जौहर कुंड आहे. १२३२ मध्ये इल्तुतमिशने किल्ला घेतला तेव्हा तिथे स्त्रियांनी जौहर केला, ही गोष्ट शाळेच्या सहलीत आम्हाला ताठ मानेने सांगितली जायची, आणि पुढे मीही ती तशीच सांगत आले. झामामीत ती ताठ मान कुठे दिसली नाही. कोणी त्याला शौर्य म्हणत नव्हतं. फुलं होती, पाण्याची बाटली होती, आणि नावं. सहलीबरोबर परत कधी किल्ल्यावर गेले तर मी मुलींना त्या कुंडाची गोष्ट वेगळी सांगेन.

हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च, इथे कुबड असलेले देवमासे पिल्लं घालायला येतात. नर गातात, आणि एका समुद्रातले नर बहुतांशी एकच गाणं म्हणतात, जे दरवर्षी थोडं थोडं बदलत जातं. ते मला ऐकायचं आहे. पण त्याआधी दुसरं काही पाहायचं ठरलंय. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, शिंगप्रवाळाच्या वसाहती एकाच रात्री आपलं बीज सोडतात. गुलाबी ठिपके सगळीकडून एकदम वर निघतात. महिना पाण्याच्या उबेवर ठरतो, रात्र पौर्णिमेच्या आसपासची असते, आणि वेळ अंधार पडल्यानंतरची. त्यातून झालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहत ओकिनावाच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचतात आणि तिथल्या उजाड झालेल्या खडकांवर पुन्हा वस्ती करू शकतात. केरामा जपलं तर पलीकडचंही सावरतं, ते यामुळे.

परवा भाचीचा फोन आला. मी पंचांग उघडून तिला दोन्ही पौर्णिमा वाचून दाखवल्या, वैशाखातली आणि वटपौर्णिमेची, आणि कुठलीची तिकिटं काढू ते विचारलं. तिने पाण्याच्या नोंदी चाळल्या आणि म्हणाली, "मावशी, यंदा पाणी लवकर तापतंय गं. वैशाखातली धर."